केंबरांचा हिशेब

उंबर फोडून केंबरं काढू नयेत, असं जुनी माणसं बजावतात. इथे नेमकं तेच करायचं आहे. फोडायचं, केंबरं काढायची आणि मग मोजायची.

उंबर पेण ते रोहा या पट्ट्यातला कुठलाही चालेल. रेल्वेने हे अंतर चाळीसेक किलोमीटर: पेण, कासू, नागोठणे, निडी, रोहा. मध्ये भोगावती, अंबा, कुंडलिका. नदीकाठ, ओहोळ, विहिरीची कड, देवळामागची मोकळी जागा, जिथे जमिनीत ओल तिथे उंबर. दत्ताचं झाड म्हणून त्याला कुऱ्हाड लावताना आजही हात थबकतो. फळं थेट खोडावर आणि जाड फांद्यांवर घोसाघोसाने लागतात, त्यामुळे शिडीची गरज नाही. हाताला येईल ते, लाल होण्याच्या थोडं आधीचं तोडायचं.

फळ म्हणायचं ते सवयीने. खरं तर ही एक बंद पिशवी आहे आणि तिच्या आतल्या अंगाला बारीक फुलं दाटीने चिकटलेली असतात. क्वचित भेटणाऱ्या माणसाला आपण उंबराचं फूल म्हणतो, पण एका उंबरात ती काही हजार असतात. पिशवीला तोंड एकच, तेही खवल्यांनी घट्ट मिटलेलं. त्यातून आत घुसू शकते ती केंबराची, म्हणजे उंबरात वाढणाऱ्या इवल्या गांधीलमाशीची, जेमतेम दोन मिलिमीटरची एक मादी. तिचं शास्त्रीय नाव सेराटोसोलेन फ्युसिसेप्स. शिरताना तिचे पंख तुटतात, मिशांचे तुकडे पडतात. आत गेल्यावर ती छातीवरच्या खिशांतून आणलेले परागकण फुलांवर मुद्दाम पसरते, काही फुलांत अंडी घालते आणि तिथेच मरते. अंडं पडलेल्या फुलात पिल्लू वाढतं, इतर फुलांत बी धरतं. काही आठवड्यांनी बिनपंखी नर आधी बाहेर येतात, माद्यांशी मीलन करतात, फळाच्या भिंतीला बोगदा पाडतात आणि मरतात. त्या बोगद्यातून माद्या ताजे परागकण घेऊन उडतात. त्यांच्या हाती आता एक-दोन दिवस उरलेले असतात.

आता मोजणी. झाडागणिक आणि ऋतूगणिक आकडे बदलतात, म्हणून हिशेबापुरते गोल आकडे धरू, तेही हात आखडून. एका फळातून उडणाऱ्या माद्या ५००. एका बहरात झाडावर फळं ५,०००. म्हणजे एका झाडावरून एका बहरात २५ लाख माद्या. २०११ च्या जनगणनेत अख्ख्या रायगड जिल्ह्याची लोकसंख्या २६ लाख ३४ हजार होती. विहिरीकडेचा एक उंबर थोड्याच दिवसांत जवळपास जिल्ह्याएवढी वस्ती हवेत सोडतो, आणि हे वर्षातून एकदाच घडतं असंही नाही. झाडाखाली उभ्या असलेल्या माणसाला फार तर वाटतं, आज चिलटं जरा जास्त आहेत.

यातल्या पोचतात किती? झाडावर न चढताही याचं उत्तर काढता येतं. केंबरांची संख्या पिढ्यान्‌पिढ्या साधारण तेवढीच राहते असं धरू. ती सारखी वाढत असती तर कोकणात श्वास घेणं मुश्कील झालं असतं, सारखी घटत असती तर उंबराला केव्हाच बी धरेनासं झालं असतं. संख्या स्थिर म्हणजे एका आईमागे सरासरी एकच लेक पुढच्या फळात पोचते. एका फळात पाच माद्या शिरल्या आणि ५०० लेकी निघाल्या, तर आईमागे शंभर. शंभरातली एक. २५ लाखांतल्या २५ हजार. उरलेल्या २४ लाख ७५ हजार वाऱ्यात, पावसात, कोळ्यांच्या जाळ्यांत, चतुरांच्या तोंडात जातात, आणि कित्येकींचा तर फक्त वेळ संपतो. या उधळपट्टीवर एक झाड उभं आहे, हे मला देवस्थानाच्या कुठल्याही कथेइतकंच अद्भुत वाटतं.

इतक्या मरण्याचं कारण झाडाच्या वेळापत्रकात आहे. एका झाडावरची फळं साधारण बरोबरीने पिकतात. मादी जिथे जन्मली तिथे तिला शिरायला कोवळं फळ नसतं, तिला दुसरं झाड गाठावंच लागतं. ते किती लांबचं असू शकतं, याचा पुरावा २००९ मध्ये नामिब वाळवंटातून आला. तिथे सिकमोर हा उंबराचा जवळचा भाऊबंद कोरड्या नदीपात्रांलगत तुरळक उभा आहे. झाडं इतकी मोजकी की प्रत्येकाची जनुकं तपासून ठेवता येतात आणि मग बी बघून त्याचा बाप कुठलं झाड ते ओळखता येतं. निघालेलं सरासरी अंतर जवळपास ९० किलोमीटर, सर्वांत लांबचं १६० च्या वर. रोह्याहून दक्षिणेला सरळ रेषेत १६० किलोमीटर मोजले तर आपण रत्नागिरीत पोचतो. दोन मिलिमीटरच्या अंगाला ही ८ कोटी अंगलांबी झाली. साडेपाच फुटी माणसाने तितक्याच अंगलांबी जायचं ठरवलं तर पृथ्वीला सव्वातीन फेऱ्या होतील, आणि त्याही दोन दिवसांच्या आत. अर्थात बरंचसं काम वारा करतो. केंबरू उंच चढतं, वाऱ्यावर अंग टाकतं आणि कोवळ्या फळाचा वास लागला की खाली उतरतं. त्या मापाने पेण आणि रोहा, सरळ रेषेत तेहतीसेक किलोमीटर, म्हणजे एकच गाव.

अंतरानंतर काळ. उंबर ज्यातला त्या अंजीरकुळातल्या साडेसातशेच्या वर जातींपैकी सुमारे दोनशे जाती आणि त्यांची आपापली केंबरं यांच्या जनुकांची तुलना करून २०१२ मध्ये या सोयरिकीचं वय साधारण साडेसात कोटी वर्षं काढण्यात आलं. पेण-रोह्याच्या पायाखालचा काळा कातळ, महाराष्ट्रातल्या बहुतेक सह्याद्रीचा कातळ, ज्या लाव्हाने बनला तो सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वीचा. म्हणजे अवचितगडाचा डोंगर ज्या दगडाचा आहे तो दगड थिजायच्याही नव्वद लाख वर्षं आधी कुठेतरी एक मादी एका मिटल्या फुलोऱ्यात शिरत होती. ते कुठेतरी म्हणजे इथे नव्हे. त्याच अभ्यासाचा कल युरेशियाकडे आहे, आणि भारत तेव्हा विषुववृत्ताच्या दक्षिणेला समुद्रात एकटा होता. इंग्लंडजवळच्या आइल ऑफ वाइट बेटावर सापडलेला ३ कोटी ४० लाख वर्षं जुना एक जीवाश्म आधी मुंगीचा समजला गेला होता. २०१० मध्ये तो नीट पाहिला तेव्हा ते अंजिराचं केंबरू निघालं, छातीवर परागकणांच्या खिशांसकट. आजच्यापेक्षा वेगळं असं त्याच्यात फारसं काही नव्हतं.

वर्षांपेक्षा पिढ्या मोजल्या तर डोकं जास्त गरगरतं. कोकणातल्या घराण्यांचे कुळवृत्तांत दहा-पंधरा पिढ्या मागे गेले तरी आपण कौतुक करतो. आपली मानवजात तीन लाख वर्षांची, पिढी पंचवीस वर्षांची धरली तर १२ हजार पिढ्या झाल्या. सेकंदाला एक नाव या वेगाने ती वंशावळ वाचली तर तीन तास वीस मिनिटांत संपते. केंबरांच्या वर्षाला नुसत्या सहा पिढ्या धरल्या तरी साडेसात कोटी वर्षांत ४५ कोटी पिढ्या होतात. ती नावं त्याच वेगाने वाचायला बसलं तर रात्रंदिवस वाचूनही चौदा वर्षं पुरत नाहीत. आणि यातल्या प्रत्येक पिढीत शंभरातली एक निवडली गेली आहे.

एवढ्या जुन्या घरात फुकटे शिरले नसते तरच नवल. ज्ञात प्राणिजातींपैकी सुमारे ४० टक्के परजीवी असाव्यात, असा एक अंदाज आहे. कॅलिफोर्निया आणि त्याला लागून असलेल्या मेक्सिकोच्या किनाऱ्यावरच्या तीन खाड्यांमध्ये तर शास्त्रज्ञांनी सगळ्या जिवांचं वजनच मांडलं. २००८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या मोजणीत परजीवींचं एकूण वजन खाडीवरच्या पक्ष्यांपेक्षा जास्त भरलं, आणि त्यात मोठा वाटा गोगलगाईंच्या अंगातल्या चपट्या कृमींचा होता. धरमतरच्या खाडीवर बगळे बघताना ही मोजणी आठवली की नजर आपोआप चिखलाकडे जाते.

उंबराचं खटलंही मोठं आहे. बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेत रेने बोर्जेस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी याच झाडाचा वर्षानुवर्षं अभ्यास केला. त्यांच्या उंबरांत परागकण नेणारं केंबरू एक आणि न नेणारी सहा. सहापैकी तीन जाती फुलांत गाठी करून त्यांत आपली पिल्लं वाढवतात, म्हणजे झाडाचं खातात आणि बदल्यात काही देत नाहीत. उरलेल्या तीन जातींची पिल्लं दुसऱ्यांच्या पिल्लांना खाऊन मोठी होतात. या सहाही जणी तोंडातून आत शिरण्याच्या भानगडीत पडत नाहीत. फळाच्या बाहेर बसतात आणि लांबलचक सुईसारख्या अवयवाने भिंत भेदून आत अंडं सोडतात. प्रत्येकीची वेळ ठरलेली: कोणी परागवाहक यायच्या आधी, कोणी ती येऊन गेल्यावर, कोणी पिल्लं भरल्यावर.

भिंत कच्च्या उंबराची, टणक. भेदायची सुई केसाहून बारीक. ती वाकत का नाही, मोडत का नाही, हा प्रश्न त्याच संस्थेत नम्रता गुंडैया आणि लक्ष्मीनाथ कुंदनाती यांनी घेतला. २०१४ मध्ये त्यांनी दाखवलं की अपोक्रिप्टा कुळातल्या परजीवी केंबराच्या सुईच्या टोकाला दाते असतात आणि त्या टोकात जस्त भरलेलं असतं. त्याचा कठीणपणा दंतवैद्य वापरतात त्या अ‍ॅक्रेलिक सिमेंटच्या जवळपास जातो. फळाची भिंत जाड होत गेली तशी सुई लांबत आणि कठीण होत गेली असावी. झाडाचीही उत्तरं आहेत. पानं शिवून घरटी बांधणाऱ्या लाल मुंग्यांना फळांचा आणि केंबरांचा वास ओढून आणतो. मुंग्या फळांवर फिरू लागल्या की बाहेर बसून सुई खुपसणाऱ्या फुकट्यांचे हाल होतात. परागवाहक मादीचं काम आतलं, तिला मुंग्यांची भीती फक्त येता-जाता.

फुकटे बाहेरूनच येतात असंही नाही. आफ्रिकेतल्या सिकमोरवर सेराटोसोलेन गॅलिली नावाची जात आहे. उंबरातल्या इमानी मादीच्याच कुळातली, तशीच तोंडातून आत शिरणारी, तशीच अंडी घालणारी. फक्त परागकण नेत नाही. पूर्वजांनी नेलेले, हिने सोडून दिले. मग सगळ्याच तसं का करत नाहीत? पनामातल्या काही अंजीरजातींवर शार्लोट यँडेर आणि एडवर्ड ॲलन हेर यांनी २०१० मध्ये याचं उत्तर दाखवलं. ज्या फळांत बिनपरागाच्या माद्या शिरल्या ती फळं झाडाने मोठ्या प्रमाणात गाळून टाकली, किंवा त्यांतली पिल्लावळ कमी निघाली. झाडाला मादी ओळखता येत नाही, पण बी धरलं की नाही हे कळतं, आणि तेवढं पुरतं.

यजमान आणि परजीवी एकमेकांच्या मागे असे धावतात, हे तत्त्व सांगायला सोपं आहे. पुरावा द्यायचा तर काळात मागे जायला हवं, आणि उंबरात ते शक्य नाही. बेल्जियममधल्या एका तळ्यात ते जमलं. पाणपिसवांची अंडी आणि त्यांना ग्रासणाऱ्या एका जिवाणूचे बीजाणू गाळाच्या थरांत वर्षानुवर्षं झोपून राहतात. संशोधकांनी वेगवेगळ्या थरांतली अंडी उबवली आणि त्यांच्यासमोर त्याच थरातले, आधीच्या थरातले आणि नंतरच्या थरातले जिवाणू ठेवले. २००७ मध्ये छापून आलेला निष्कर्ष असा की जिवाणूला सर्वांत जास्त यश त्याच्या समकालीन पिसवांवर मिळालं. जुना जिवाणू नव्या पिसवांपुढे फिका, आणि नंतरचा जिवाणू जुन्या पिसवांपुढेही फिकाच. सगळी तयारी आजच्या शत्रूपुरती.

उंबरातलं सर्वांत बारीक बिऱ्हाड मात्र अजून राहिलंच. फळात डोळ्यांना न दिसणारे सूत्रकृमी असतात. त्यांना पंख नाहीत आणि पिकलं फळ सोडून कोवळ्या फळात जायला दुसरा मार्गही नाही. ते निघायच्या तयारीतल्या मादीच्या अंगावर चढतात, तिच्यात शिरतात आणि तिच्याबरोबर उडतात. केंबरू म्हणजे त्यांची दिवा-रोहा पॅसेंजर, फरक इतकाच की काही उतारू गाडीच खातात. पनामातल्या अंजिरांत हे कृमी मादी नव्या फळात पोचल्यावर तिला आतून पोखरतात, वयात येतात, तिच्या प्रेतातून बाहेर पडून अंडी घालतात, आणि त्यांची पिल्लं पुढच्या पिढीच्या माद्यांची वाट पाहत थांबतात.

इथे प्रश्न येतो की उतारूने गाडीला किती छळावं. हेर यांनी पनामातल्या अकरा जातींच्या केंबरांवर आणि प्रत्येकीच्या आपापल्या कृमींवर हा प्रश्न तपासला आणि १९९३ मध्ये जे छापलं ते आजही या विषयातलं मला सर्वांत देखणं काम वाटतं. काही अंजिरांत बहुधा एकच मादी शिरते, काहींत अनेक. एकच शिरत असेल तर कृमींच्या पिल्लांना पुढच्या वेळी चढायला फक्त तिच्याच लेकी मिळणार. तिला अंडी घालायच्या आधी मारलं तर पिल्लांची गाडीच रद्द. अशा जातींतले कृमी सौम्य निघाले. अनेक माद्या शिरत असतील तर एकीचा सत्यानाश केला तरी शेजारणीच्या लेकी आहेतच. अशा जातींतले कृमी जास्त घातक निघाले. क्रौर्य किंवा दया असलं काही कृमीच्या अंगी नसतं. फळात आया किती, यावर त्याचा स्वभाव घडत गेला. कोटी आणि लाखांच्या या सगळ्या पसाऱ्यात निर्णायक ठरलेला फरक एक आणि दोन यांच्यातला होता.

आपल्या उंबरात बहुधा एकाहून अधिक माद्या शिरतात. म्हणजे हेर यांच्या हिशेबाने इथले कृमी उग्र हवेत. बंगळुरूला सत्यजीत गुप्ता आणि बोर्जेस यांनी पाहिलं तर चित्र जरा वेगळं दिसलं. मादीवर थोडे कृमी असतील तर तिचं फारसं बिघडत नाही. भार वाढला की तिचं उडणं आणि जगणं मार खातं, पोचली तर पुढच्या फळातली पिल्लावळही घटते, आणि त्यात कृमींचंही नुकसान होतं. मग कृमी काय करतात? शेपटीवर उभे राहून डोकं हलवत अंदाज घेतात आणि आधीच खचाखच भरलेली मादी टाळतात. इतक्या छोट्या मेंदूला गर्दी कळते कशी, तर काहींना वासावरून. डब्यात शिरायच्या आधी डबा बघणारे उतारू पनवेलला सुद्धा विरळाच.

शेवटचा आकडा झाडांचा. मादी एक-दोन दिवस जगते, तिच्या झाडावर कोवळं फळ नसतं, म्हणजे ती उडेल त्या दिवशी टप्प्यात कुठलंतरी दुसरं झाड योग्य वेळेत असायला हवं. वर्षाच्या प्रत्येक दिवशी. त्यासाठी किती झाडं लागतील? जुडिथ ब्रॉन्स्टीन आणि सहकाऱ्यांनी १९९० मध्ये एका आफ्रिकन अंजिराच्या वेळापत्रकावरून संगणकावर हे मांडलं. केंबरं चार वर्षं टिकायला त्यांच्या गणितात साधारण ९५ झाडं लागली. नंतरच्या गणितांनी हा आकडा खाली आणला, कारण कोवळी फळं मादीसाठी जास्त दिवस ताटकळू शकतात असं दिसलं. शिवाय उंबर आणि तो आफ्रिकन अंजीर एक नव्हेत. तरीही हिशेबाचा घाट तोच राहतो: झाडं डझनांनी लागतात, एकट्यादुकट्या झाडाने भागत नाही. पेण ते नागोठणे रस्ता रुंद करताना ओहोळाकाठचा एक उंबर गेला तर हजेरीपटावर एक झाड कमी होतं, पण मधल्या एखाद्या आठवड्यात कोवळी फळं धरून असलेलं ते एकमेव झाड असू शकतं.

आणि हा हिशेब फक्त परागकण नेणाऱ्या केंबराचा. गाठी करणाऱ्या तिघींना त्याच झाडांवर राहून भागवायचं असतं. त्यांच्या पिल्लांवर जगणाऱ्या तिघींना आधी त्या पुरेशा हव्यात. कृमींना फळ हवं आणि वर गाडीत जागाही हवी. यजमान जितका विरळ तितकी त्याच्यावर जगणाऱ्याची वाट आधी बंद होते, त्यामुळे झाडं कमी होऊ लागली तर या बिऱ्हाडातले फुकटे इमानी मादीच्या आधी संपतील. तेव्हाही बाहेरून उंबर तसाच दिसेल, लाल फळांनी लगडलेला. फरक कळायला फळ फोडून आत किती जातींची केंबरं आहेत ते मोजावं लागेल.